आईच्या गरोदरपणातली दारू आणि मुलावरचा खटला

वाचकाचे पत्र: माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा लहानपणापासून माझ्याकडे वाढला. आता तो एकोणीस वर्षांचा आहे आणि ट्रॉलरवर खलाशी म्हणून जातो. वारा कुठून फिरेल ते तो तांडेलाच्या आधी सांगतो. पण त्याला घड्याळाचा हिशेब राहत नाही आणि हातातला पगार दोन दिवसांत कोणीही काढून घेतो. गेल्या महिन्यात जेटीजवळच्या गोदामाचे कुलूप रात्री तोडून दोन आउटबोर्ड इंजिने आणि जाळी चोरीला गेली. त्याच्याबरोबरचे दोघे वयाने मोठे होते, ते पळाले. हा पकडला गेला आणि पहिल्याच रात्री पोलिसांना ‘मीच केले’ असे म्हणाला. कांदळवनात लपवलेले एक इंजिन त्याने काढून दाखवले असा पंचनामा आहे. मला मात्र त्याने तीन भेटींत तीन वेगळ्या हकिकती सांगितल्या. आता त्याला मॅजिस्ट्रेटसमोर जबाबाला नेणार आहेत असे ऐकते. त्याच्या वेळी गरोदर असताना माझी बहीण रोज प्यायची. हे घरात सर्वांना ठाऊक आहे, बाहेर कोणी बोलत नाही. दारूमुळे मेंदूवर परिणाम झाला असावा, असे एका डॉक्टरांनी तो लहान असताना म्हटले होते. वकील म्हणतात, वेडा आहे असे दाखवू. तो वेडा नाही. ही गोष्ट कोर्टात सांगावी का, आणि सांगितली तर बहिणीवर काही बालंट येईल का? — एक मावशी, जिल्हा सिंधुदुर्ग

ताई,

तुमच्या पत्रात ‘तो वेडा नाही’ असे तीन शब्दांचे वाक्य आहे, आणि माझ्या उत्तराचा सगळा भार मी त्याच वाक्यावर ठेवणार आहे. गर्भात असताना दारूमुळे मेंदूला झालेली इजा हा न्यायालयात मांडण्याजोगा खरा आणि वजनदार मुद्दा आहे. मात्र तो वेडेपणाच्या बचावात कोंबला तर बहुधा फेटाळला जाईल आणि त्याचा जो खरा उपयोग आहे तोही हातचा जाईल. त्याची जागा वेगळी आहे. मुलाच्या तोंडून निघालेल्या कबुलीवर किती विश्वास ठेवायचा, त्या रात्री त्याच्या मनात चोरीचा हेतू होता का, आणि दोषी ठरलाच तर त्याला कोणती शिक्षा योग्य, या तीन प्रश्नांशी त्याचा संबंध आहे.

त्याआधी एक काम तातडीने करा. दंडाधिकाऱ्यांसमोर दिलेल्या कबुलीचे वजन पोलिसांपुढच्या बोलण्यापेक्षा कितीतरी अधिक असते, म्हणून तो जबाब होण्यापूर्वीच तुमच्या वकिलांनी न्यायालयात लेखी अर्ज द्यायला हवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ नुसार दंडाधिकाऱ्यांना आरोपीला आधी सांगावे लागते की कबुली देण्याचे बंधन तुझ्यावर नाही आणि दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाऊ शकते. तो स्वखुशीने बोलत आहे याची प्रश्न विचारून खात्री करावी लागते. आणि आरोपीच्या वकिलांच्या उपस्थितीत हा जबाब दृक्‌श्राव्य माध्यमातून नोंदवण्याची सोयही त्याच कलमात आहे. या तरतुदी चांगल्याच आहेत. परंतु ‘समजले का?’ या प्रश्नाला जो मुलगा जन्मभर ‘हो’ म्हणत आला आहे त्याच्यासाठी त्या जशाच्या तशा पुरेशा नाहीत. म्हणून अर्जात अशी विनंती असावी की प्रत्येक सूचना लहान वाक्यांत द्यावी, ती त्याला त्याच्या स्वतःच्या शब्दांत परत सांगायला लावावी, केवळ हो-नाहीवर भागेल असे प्रश्न विचारू नयेत आणि जबाबाचे चित्रीकरण व्हावे. आणि तुम्ही भाच्याला भेटाल तेव्हा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगा: ‘मला जबाब द्यायचा नाही’ असे तो दंडाधिकाऱ्यांना सांगू शकतो, आणि तसे सांगितल्यावर त्याला पुन्हा पोलीस कोठडीत पाठवण्याची परवानगी दंडाधिकारी देऊ शकत नाहीत. नकार दिला तर परत ठाण्यात नेतील या भीतीने पुष्कळ मुले होकार देतात.

आता विकाराबद्दल, कारण न्यायाधीशांना समजण्याआधी तो तुमच्या वकिलांना समजला पाहिजे. गर्भारपणात दारू पिणाऱ्या मातांच्या मुलांत दिसणाऱ्या खुणांचे वर्णन १९६८ मध्ये फ्रान्समध्ये आणि १९७३ मध्ये अमेरिकेतील सिअॅटल येथील केनेथ जोन्स व डेव्हिड स्मिथ या डॉक्टरांनी केले. आज या साऱ्या विकारांना मिळून फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर, म्हणजे एफएएसडी, म्हणतात. डोळ्यांच्या लहान फटी, नाकाखालची सपाट झालेली खोबण आणि पातळ वरचा ओठ या त्याच्या चेहऱ्यावरच्या खुणा होत. परंतु हा विकार असलेल्या बहुतेकांच्या चेहऱ्यावर त्या नसतात आणि ज्यांच्या असतात त्यांच्याही वाढत्या वयात पुसट होतात. बुद्ध्यांक पुष्कळदा सर्वसाधारण निघतो. त्यामुळे आरोपीच्या पिंजऱ्यात न्यायाधीशांना दिसतो तो अंगाने धडधाकट, बोलायला नीट, समुद्रावर काम करणारा तरुण. इजा असते ती आत: आठवण नीट लागत नाही, वेळ आणि पैसा यांचा अंदाज येत नाही, आता हे केले तर उद्या काय होईल हे त्या क्षणी डोक्यात येत नाही, आणि समोरचा माणूस मोठा असेल, रागावलेला असेल किंवा नुसता प्रेमाने बोलत असेल, तर त्याला हवे तेच तोंडातून निघते. आठवणीत जिथे खळगा असतो तिथे ऐकीव माहिती जाऊन बसते आणि मग ती आपलीच आठवण आहे असे त्याला मनापासून वाटते. तुम्हाला त्याने तीन हकिकती सांगितल्या, त्या लबाडीच्या असतीलच असे धरून चालू नका. तुमच्या वकिलांनीही तसे धरू नये.

अशा कबुलीचे काय होऊ शकते याचे सर्वांत बोलके उदाहरण न्यूझीलंडचे आहे. १९९२ मध्ये ऑकलंडमध्ये एका महिलेवर बलात्कार होऊन तिचा खून झाला. पुढच्या वर्षी टेइना पोरा या सतरा वर्षांच्या मुलाला दुसऱ्याच कारणावरून पकडले असता पोलिसांनी त्याची चार दिवस चौकशी केली आणि त्याने या गुन्ह्याची कबुली दिली. त्याच्या सांगण्यात जागोजागी विसंगती होत्या आणि त्याला त्या महिलेचे घरसुद्धा ओळखता आले नाही. तरीही १९९४ मध्ये तो दोषी ठरला. पुढे घटनास्थळीचे वीर्य दुसऱ्याच एका सराईत गुन्हेगाराचे असल्याचे निष्पन्न होऊन फेरखटला झाला, तरी २००० मध्ये तो पुन्हा दोषी ठरला. सुमारे वीस वर्षे तुरुंगात काढल्यावर मार्च २०१५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश वसाहतींच्या जुन्या अंतिम अपील न्यायालयाने, त्याची शिक्षा रद्द केली. तोपर्यंत त्याला एफएएसडी असल्याचे निदान झाले होते, आणि परस्परविरोधी, न पटणारी कबुली व हे निदान एकत्र पाहिल्यावर त्या कबुलीवर विसंबणे म्हणजे न्यायाचा विपर्यास होण्याचा धोका पत्करणे आहे, असे न्यायाधीशांनी म्हटले. दोन वेगवेगळ्या ज्यूरींनी त्याच कबुलीवर विश्वास ठेवला होता, हे वाचताना आजही अस्वस्थ व्हायला होते.

हा निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही. मात्र त्यातला तर्क वकिलांना वापरता येतो, आणि आपला कायदा या बाबतीत एका अर्थाने अधिक सावध आहे. पोरा याची पोलिसांपुढची कबुली तिथे पुरावा म्हणून चालली. आपल्याकडे पोलीस अधिकाऱ्याला दिलेली कबुली भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ नुसार आरोपीविरुद्ध सिद्धच करता येत नाही. म्हणजे पहिल्या रात्रीचे ‘मीच केले’ हे शब्द खटल्यात यायला नकोत. अडचण पंचनाम्याची आहे, कारण कोठडीतल्या आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली तर त्या माहितीपुरते बोलणे त्याच कलमानुसार पुराव्यात येते. किती येते, याची सीमा स्वातंत्र्यापूर्वी आपलेही अंतिम अपील न्यायालय असलेल्या याच प्रिव्ही कौन्सिलने पुलुकुरी कोट्टय्या यांच्या प्रकरणात आखून दिली आणि ती आजही पाळली जाते: वस्तू जिथे मिळाली त्या जागेशी थेट जोडलेले बोलणे तेवढे येईल, ‘कुलूप तोडून चोरले’ हे येणार नाही. इंजिन कुठे आहे हे त्याला ठाऊक होते, एवढेच त्यातून दिसते. ते इतरांनी तिथे ठेवताना त्याने पाहिले असेल, किंवा त्यांच्या सांगण्यावरून त्याने नुसता हातभार लावला असेल. त्या जागेपर्यंत पोलिसांना नक्की कोणी नेले, हे पंचांच्या उलटतपासणीत बारकाईने विचारले गेले पाहिजे.

वेडेपणाच्या बचावाला मी विरोध का करते ते सांगते. भारतीय न्याय संहितेचे कलम २२, म्हणजे जुन्या दंड संहितेचे ८४, अशा माणसाला संरक्षण देते ज्याला मनोविकलतेमुळे ते कृत्य करताना आपण काय करत आहोत, किंवा ते चूक अथवा बेकायदा आहे, हेच कळत नव्हते. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने विकार असणे पुरेसे नाही, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयाने वारंवार स्पष्ट केली आहे, आणि हा बचाव सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो. तुमच्या भाच्याला चोरी वाईट हे माहीत आहे. विचारले तर तो तसे सांगेलही. आधी कळणे आणि त्या क्षणी स्वतःला आवरणे यांत जे अंतर पडते तो त्याचा विकार आहे, आणि कलम २२ ते अंतर पाहत नाही. शिवाय खटला समजण्यास तो असमर्थ आहे असे म्हणून कार्यवाही थांबवण्याचा मार्गही वकील सुचवतील. मुलाला दोषारोप खरोखरच कळत नसेल तर तो मार्ग योग्यच आहे. पण घाईने धरला तर खटला लोंबकळतो आणि मुलाचा मुक्काम कोठडीऐवजी मनोरुग्णालयात वाढू शकतो.

हेतूचा मुद्दा मात्र सोडू नये. दह्याभाई ठक्कर यांच्या १९६४ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वेडेपणा पूर्ण सिद्ध झाला नाही, तरी त्यासाठी आणलेल्या पुराव्यामुळे गुन्ह्याला लागणाऱ्या हेतूबद्दल वाजवी शंका उत्पन्न झाली, तर तिचा फायदा आरोपीला मिळाला पाहिजे, कारण हेतू सिद्ध करण्याची जबाबदारी शेवटपर्यंत सरकार पक्षाचीच असते. मोठ्या दोघांनी ‘इथे उभा राहा, हे उचल’ म्हटले आणि हा उभा राहिला, अशी वस्तुस्थिती असेल तर तिथे हा पुरावा बोलतो.

परंतु आज तुमच्याकडे पुरावा नाही. एका डॉक्टरांचे जुने उद्गार आहेत. एफएएसडी दाखवणारी रक्ताची तपासणी नसते. आईने गरोदरपणी दारू घेतल्याची खात्रीलायक माहिती, बालपणीची वाढ, चेहरा आणि मेंदूच्या निरनिराळ्या कामांच्या चाचण्या एकत्र पाहून निदान होते. म्हणून कागद गोळा करायला लागा: प्रसूतीची आणि जन्मवजनाची नोंद, अंगणवाडीतले वजनाचे तक्ते, शाळेच्या नोंदवह्या आणि प्रगतिपुस्तके, जुन्या औषधोपचाराच्या चिठ्ठ्या, आणि दोन ते दहा वर्षांच्या वयातले समोरून काढलेले फोटो, कारण आता पुसट झालेल्या खुणा त्या फोटोंत दिसू शकतात. आपल्याकडे काही घरांत बाळंतिणीला ब्रँडी देण्याची रीत आहे. ती बाळंतपणानंतरची गोष्ट असते, तिची आणि गरोदरपणातल्या दारूची गल्लत होऊ देऊ नका. कागदांचे महत्त्व किती असते पाहा: अमेरिकेत रोनाल्ड रोम्पिला याची फाशी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये रद्द केली, ती त्याच्या वकिलांनी न्यायालयातच असलेली जुन्या खटल्याची फाईल उघडून पाहिली नव्हती म्हणून. त्या फाईलमधल्या नोंदींचा माग काढला असता तर आईचे गरोदरपणातले मद्यपान आणि मुलाच्या मेंदूची इजा त्याच वेळी पुढे आली असती.

तपासणीसाठी रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय कोकणातच आहे. सिंधुदुर्गातून गोव्यातल्या बांबोळीची मानसोपचार संस्था जवळ पडते. आणि सविस्तर चाचण्यांसाठी बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेचा विचार करावा लागेल. मुलगा कोठडीत असल्याने हे न्यायालयाच्या आदेशानेच होईल. चाचणी करणारे मानसशास्त्रज्ञ भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले असावेत, आणि त्यांनी नुसता बुद्ध्यांक न देता स्मृती, लक्ष, स्वतःला आवरण्याची क्षमता, दुसऱ्याच्या सांगण्याला बळी पडण्याचा कल आणि रोजचे व्यवहार सांभाळण्याची पातळी यांवर स्वतंत्रपणे लिहावे. ‘कबुली खोटी आहे’ असे मात्र अहवालात लिहू नये. पोरा याच्या निकालातही प्रिव्ही कौन्सिलने बजावले आहे की तज्ज्ञाने माहिती पुरवावी, अंतिम निष्कर्ष न्यायालयावर सोडावा. जो तज्ज्ञ निकालच देऊन टाकतो त्याचे बाकीचे म्हणणेही हलके पडते. आणि तपासणीत दारूऐवजी कुपोषण, जन्मावेळची गुदमर किंवा दुसरे काही कारण निघाले तरी निराश होऊ नका. मुलाला काय जमते आणि काय जमत नाही हे न्यायालयासाठी कारणाच्या नावापेक्षा अधिक मोलाचे असते. दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ च्या यादीत एफएएसडीचे नाव नाही. पण चाचणीत बौद्धिक अक्षमता आढळली तर त्या गटातून प्रमाणपत्र मिळू शकते.

खर्चाची चिंता वाटत असेल तर कोठडीतल्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. देवगड, मालवण, वेंगुर्ला असे जिथे प्रकरण असेल तिथल्या तालुका विधी सेवा समितीकडे किंवा ओरोसच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. जामीन खाली नाकारला गेला तर सत्र न्यायालय आहे, आणि ऑगस्ट २०२५ पासून आपल्या जिल्ह्यासाठी उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात असल्याने मुंबईची खेपही वाचते. जामीन मागताना अटी त्याला पाळता येतील अशाच मागून घ्या. आठवड्यातून दोनदा ठाण्यात हजेरी लावण्याची साधी अट घड्याळाचा हिशेब नसलेल्या मुलाकडून महिनाभरात मोडते आणि जामीन रद्द होण्याची पाळी येते. एकच वार, एकच वेळ आणि सोबत तुम्ही किंवा तांडेल, असे न्यायालयाला सुचवा.

शिक्षेबाबत परदेशी न्यायालये सर्वांत अधिक बोलली आहेत. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या अपील न्यायालयाने २०१६ मध्ये एका अल्पवयीन आरोपीची दहा वर्षांची शिक्षा सात वर्षांवर आणली, कारण खालच्या न्यायालयापुढे त्याच्या एफएएसडीचे निदान आलेलेच नव्हते. त्याच राज्यातल्या बाल कोठडीतील ९९ मुलांची तपासणी झाली तेव्हा ३६ जणांत हा विकार आढळला, आणि त्यांतल्या दोघांनाच आधी निदान मिळाले होते. तो अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना न्यायालयांनी वर्षानुवर्षे उनाड म्हणून पाहिले, त्यांतल्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक मुलांचा मेंदू जन्माआधीच दुखावलेला होता. मात्र हा पुरावा दुधारी आहे, हेही लक्षात असू द्या. विकार जन्मभराचा आहे हे ऐकून एखादे न्यायाधीश असेही म्हणू शकतात की मग हा पुन्हा चुकणारच. त्यावर उत्तर एकच: निदानाबरोबर मुलाभोवतीची व्यवस्था न्यायालयापुढे ठेवायची. तो कोणाकडे राहील, पगार कोणाच्या हाती जाईल, कोणत्या बोटीवर आणि कोणाच्या देखरेखीखाली काम करेल, हे तुमच्या आणि बोटमालकाच्या प्रतिज्ञापत्रावर यायला हवे.

इथे त्याच्या वयाचा प्रश्न निकडीचा आहे. परिवीक्षा म्हणजे दोषी व्यक्तीला तुरुंगाऐवजी देखरेखीखाली बाहेर ठेवणे. अपराधी परिवीक्षा अधिनियम १९५८ चे कलम ६ सांगते की जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात एकवीस वर्षांखालील व्यक्तीला, परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल पाहून आणि कारणे नोंदवून दुसरा मार्ग योग्य नाही अशी खात्री झाल्याशिवाय, तुरुंगात पाठवू नये. तुमच्या भाच्यावरचे आरोप या मर्यादेत बसतात. परंतु हे वय गुन्ह्याच्या दिवशीचे न धरता खालचे न्यायालय दोषी ठरवते त्या दिवशीचे धरावे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले आहे. म्हणजे तुमच्याकडे दोन वर्षांहून कमी अवधी आहे. तारखांवर तारखा पडू देऊ नका; तुमच्याच बाजूने मागितलेली एकेक तारीख या संरक्षणातून वजा होते. एकवीस उलटल्यावर कलम ४ खाली परिवीक्षा मागता येते, मात्र तेव्हा ती न्यायालयाच्या मर्जीवर राहते.

राहिली तुमची बहीण. गरोदरपणी दारू प्यायली म्हणून आईवर खटला चालवणारा कायदा आपल्याकडे नाही, त्यामुळे ती भीती मनातून काढून टाका. लाजेची गोष्ट वेगळी आहे, आणि ती मी हलकी मानत नाही. व्यसन हा आजार आहे, त्या काळात तिच्या आयुष्यात काय चालले होते हे तुम्हाला ठाऊक असेल, आणि जे तिने तेव्हा जाणून केले नाही त्याचा झाडा तिच्याकडून भर कोर्टात घेणे मला मान्य नाही. तशी गरजही बहुधा पडणार नाही. तिने सर्वप्रथम तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना एकांतात सांगावे: कोणत्या महिन्यांपासून, किती, कोणती दारू. ते अहवालात येईल. साक्षीची वेळ आलीच तर त्या वेळी इतरांना न्यायदालनाबाहेर ठेवण्याचा अधिकार न्यायाधीशांना आहे आणि तसा अर्ज वकिलांनी आधीच द्यावा. ती काहीही बोलायला तयार नसेल, तर तेव्हा घरात असलेल्या तुमची, शेजारणीची किंवा नोंद ठेवणाऱ्या परिचारिकेची माहितीही ग्राह्य धरली जाऊ शकते, मात्र पाहिले तेवढेच सांगावे. तिच्याशी हे वकिलांनी बोलू नये, तुम्हीच बोला, आणि ते या आठवड्यातच बोला, कारण तपासणीच्या आदेशासाठीच्या अर्जात ही माहिती कोण देणार याचा उल्लेख करावा लागेल.